इशिगुरोंची माणसं कुंपण का ओलांडत नाहीत?

आडवाट

इंग्रजी लेखक काझुओ इशिगुरो यांच्या 'नेव्हर लेट मी गो' (२००५) या कादंबरीवर कुठेही बोलणं निघालं की एक प्रश्न हटकून येतो. ही मुलं पळून का जात नाहीत? विचारणाऱ्याच्या आवाजात बहुतेक वेळा चीडही असते. माझं मत असं की ती चीड लेखकाने मुद्दाम आपल्या पदरात टाकलेली आहे. न पळणं हाच या पुस्तकाचा गाभा आहे, तो कच्चा दुवा नाही. यावर नीट वाद व्हावा म्हणून हा धागा.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात (पुढे शेवट फुटणार आहे, वाचायची असेल तर इथेच थांबा). काळ १९९०च्या दशकाचा उत्तरार्ध, देश इंग्लंड. पण या इंग्लंडमध्ये महायुद्धानंतर माणसांचे क्लोन करायचं तंत्र हाती आलंय आणि अवयव काढून घेण्यासाठी ते वाढवले जातात. कॅथी, रूथ आणि टॉमी हेल्शम नावाच्या निवासी शाळेत वाढतात. चित्रं काढतात, कविता करतात, एकमेकांनी बनवलेल्या वस्तू टोकन देऊन घेतात. मोठं झाल्यावर आधी काही वर्षं 'केअरर' होऊन इतर क्लोनांची शुश्रूषा करायची, मग स्वतः 'डोनर' व्हायचं. चौथ्या दानाच्या पुढे कुणी जात नाही, कित्येकजण त्याआधीच संपतात. कथा सांगणारी कॅथी ३१ वर्षांची आहे. तिच्याकडे गाडी आहे. ती एकटी देशभर फिरते. मागे पहारेकरी नाही, पायात बेडी नाही. आणि एकदाही तिच्या मनात येत नाही की ही गाडी एखाद्या बंदराकडे वळवावी.

आता यातलं एक दृश्य पाहा. वर्गात कविता चाललेली असते, बोलता बोलता विषय महायुद्धातल्या कैद्यांच्या छावण्यांवर जातो. एक मुलगा विचारतो, तिथल्या कुंपणांत वीज सोडलेली असायची का? मुलं हसायला लागतात, कुंपणाला हात लावून झटका बसल्याच्या नकला करतात. मिस ल्यूसी नावाच्या शिक्षिका त्या गोंगाटात हळूच म्हणतात, हेल्शमच्या कुंपणात वीज नाही ते बरं आहे, कधीकधी भयंकर अपघात होतात. वर्गात कुणाचंच लक्ष नसतं. एकट्या कॅथीच्या कानावर ते पडतं. एवढंच. पुढचं पान वेगळ्याच विषयावर.

माझ्या मते सगळी कादंबरी या एका दृश्यात आहे. या मुलांना वीज लागत नाही, कारण त्यांचं कुंपण तारेचं नाहीच. ते प्रेमाने, शाळेच्या शिस्तीने आणि 'तुम्ही खास आहात' या शब्दांनी घातलेलं आहे. वास्तव त्यांच्यापासून लपवलेलंही नाही आणि नीट सांगितलेलंही नाही. आकलन होण्याच्या वयाआधीच थोडं थोडं कानावर घातलंय, त्यामुळे 'आम्हाला हे कधी कळलं' असा दिवसच त्यांच्या आयुष्यात नाही. ज्याला धक्का बसला नाही तो बंड कुठून करणार?

काळा दगड

पूर्ण असहमत, आणि कारणं देतो.

तुम्ही म्हणता धक्का बसला नाही म्हणून बंड नाही. इतिहास याच्या उलट आहे. अमेरिकेतला फ्रेडरिक डग्लस जन्मतःच गुलाम होता. त्यालाही कुठल्या एका दिवशी 'तू गुलाम आहेस' असा धक्का बसला नव्हता. बॉल्टिमोरमध्ये मालकिणीने त्याला चार अक्षरं शिकवली, मालकाने ते बंद पाडलं, आणि त्या चार अक्षरांवर तो १८३८ मध्ये पळाला. हैतीत १७९१ ला उठाव झाला तेव्हा तिथे पिढ्यान्‌पिढ्या गुलामी होती. 'गुलामाला गुलामीची जाणीव करून द्या, तो बंड करून उठेल' हे तर आपण महाराष्ट्रात लहानपणापासून ऐकतो. अमेरिकेत गुलामी संपवणाऱ्यांना आपला ग्रंथ अर्पण करणारे जोतीराव फुले इथलेच, १८७३ साली. आपल्या परंपरेत शिक्षण हे बंडाचं पहिलं पाऊल आहे.

आणि इशिगुरोंची मुलं अडाणी नाहीत! कॅथी व्हिक्टोरियन कादंबऱ्यांवर निबंध लिहिते. त्या कादंबऱ्या अनाथांनी, जुलमी शाळांनी आणि उलट उत्तर देणाऱ्या पोरांनी भरलेल्या आहेत. ते सगळं वाचून एकाही मुलाला आपली आठवण होत नाही? काही दशकं, हजारो क्लोन, आणि एकही जण गाडी घेऊन निघत नाही? एक व्यक्तिरेखा गप्प राहिली तर तो स्वभाव. सगळेच गप्प राहिले तर ती लेखकाची सोय.

माझा खरा राग याच्याही पुढे आहे. अशी सोय वाचकाला फार आवडते. अन्याय बघायचा, डोळे ओले करायचे, 'किती सुंदर, किती संयत' म्हणायचं आणि पुस्तक मिटायचं. पीडिताने आरडाओरडा केला असता तर हाच वाचक म्हणाला असता, प्रचारकी आहे.

थेम्सकाठ

मी गेली काही वर्षं इंग्लंडमध्ये वृद्धांच्या केअर होममध्ये काम करते, त्यामुळे ही कादंबरी मी वेगळ्या ठिकाणी धरून वाचली.

पहिल्याच पानावर कॅथी काय सांगते ते बघा. आपण अकरा वर्षांहून जास्त काळ केअरर आहोत, आपले डोनर लवकर बरे होतात, चौथ्या दानाच्या आधीसुद्धा त्यांच्यातल्या जवळजवळ कुणाच्याच नोंदीत 'अस्वस्थ' असा शेरा पडलेला नाही. तिला याचा अभिमान आहे. शेरा मारणारे कोण, अस्वस्थ होणं हा दोष कसा, हे ती विचारत नाही. आपण काम चांगलं करतो, एवढ्यावर तिचा दिवस उभा आहे. मला हे अगदी ओळखीचं वाटलं. रात्रपाळी संपवून निघताना 'आज सगळे शांत झोपले' याचं जे समाधान असतं ते खरं असतं. त्या समाधानापायी माणसं कमी, पगार कमी, एकीवर चौघींचं काम, हे सगळं मनातून मागे पडतं, हेही तितकंच खरं.

काळा दगड, तुम्ही म्हणता तशी बेडी तोडायला आधी बेडी जाणवावी लागते. चांगलं काम करणाऱ्याला ती जाणवत नाही. दमून हायवेवरच्या सर्व्हिस स्टेशनला कॉफी घेत बसलेली कॅथी मला खोटी वाटली नाही. त्या बाईला आधी झोप हवी आहे.

खडूफळा

माझा आक्षेप जरा वेगळा. बंड बाजूला ठेवा, मला आवाजाचाच कंटाळा येतो. १९८६च्या 'ॲन आर्टिस्ट ऑफ द फ्लोटिंग वर्ल्ड'मधला म्हातारा चित्रकार ओनो, १९८९च्या 'द रिमेन्स ऑफ द डे'मधला बटलर स्टीव्हन्स, २००५ची कॅथी, २०२१च्या 'क्लारा अँड द सन'मधली यंत्रबाहुली क्लारा. चौघेही एकाच सुरात बोलतात. 'मला नक्की आठवत असेल तर', 'हे मी आधी सांगायला हवं होतं', 'अर्थात याला फार महत्त्व देऊ नये'. जपानी चित्रकार, इंग्रज नोकर, क्लोन आणि यंत्र यांचं बोलणं वेगळं ऐकू येऊ नये? पहिल्या तीन कादंबऱ्यांत आपण एकच पुस्तक पुन्हा पुन्हा लिहिलं, अशा अर्थाचं खुद्द इशिगुरो बोललेले आहेत. २०१७चं नोबेल मिळालं म्हणून आपण याला खोली म्हणायचं का?

रातराणी

हे सगळं सोसणं, गप्प राहणं, कर्तव्य हे त्यांच्या जपानी संस्कारातून आलंय असं मला वाटतं. नागासाकीत जन्म, आई अणुबॉम्बमधून वाचलेली. ते वळण रक्तातच असणार.

आडवाट

रातराणी, हे पटत नाही. इशिगुरोंचा जन्म १९५४चा, आणि १९६० साली, पाच वर्षांचे असताना, ते इंग्लंडात आले. वडील समुद्रशास्त्रज्ञ, सरकारी संशोधन संस्थेच्या बोलावण्यावरून आलेले. घर गिल्डफर्डला. मुलगा चर्चच्या गायकवृंदात गायचा, इंग्रजी शाळेत शिकला, पुढे केंट विद्यापीठ आणि मग ईस्ट अँग्लियात माल्कम ब्रॅडबरी आणि अँजेला कार्टर यांच्या हाताखाली लेखनाचा अभ्यास. मोठेपणी जपानला पहिल्यांदा परत गेले ते थेट १९८९ मध्ये, म्हणजे जपानवरच्या दोन कादंबऱ्या छापून झाल्यावर. त्या कादंबऱ्यांतलं जपान त्यांनी घरातल्या बोलण्यातून आणि आठवणीतून रचलेलं होतं. शिवाय सगळ्यात गप्प, सगळ्यात कर्तव्यनिष्ठ माणूस त्यांनी रंगवला तो स्टीव्हन्स, आणि तो नखशिखांत इंग्रज आहे. सोसणं हा जपानचा गुण नि बंड हा युरोपचा, असली वाटणी त्यांच्या पुस्तकांत कुठे टिकत नाही.

थेम्सकाठ, तुमच्या प्रतिसादाबद्दल मनापासून आभार. पहिल्या पानावरचा तो अभिमान हीच किल्ली आहे.

काळा दगड, तुमच्या डग्लसकडे येतो. डग्लसला पळून जायला एक दिशा होती. उत्तरेकडे अशी माणसं होती ज्यांच्या लेखी गुलामी हा गुन्हा होता. हेल्शमच्या मुलांना अशी दिशाच नाही. त्यांना कोण आसरा देणार? ज्याच्या बायकोला यकृत मिळालंय तो? आठ वर्षांची असताना ही मुलं एक प्रयोग करतात. त्यांची चित्रं घेऊन जायला मादाम नावाची बाई येते. ती आपल्याला घाबरते असं रूथ म्हणते, म्हणून सगळ्याजणी ठरवून घोळक्याने तिच्या अगदी जवळून जातात. ती ओरडत नाही, रागावत नाही. नुसती ताठ होते, अंगावर कोळी चढू नये म्हणून माणूस श्वास रोखतो तशी. आणि ही बाई क्लोनांच्या बाजूने लढणाऱ्यांपैकी आहे! बाजूने असलेल्यांची ही गत, तर बाकीच्यांची काय असेल?

पुढे पाहा, या मुलांची सगळ्यात धाडसी अफवा कोणती? खरं प्रेम सिद्ध केलं तर तीन वर्षांची मुदतवाढ मिळते. सुटका नाही, मुदतवाढ! स्वप्नसुद्धा व्यवस्थेच्या छापील अर्जात बसणारं. मला यात लेखकाची सोय दिसत नाही. ज्यांनी ही मुलं वाढवली त्यांच्यावरचा आरोपच त्यात दिसतो.

जुनी वही

स्टीव्हन्सचं नाव निघालंच आहे तर त्याच्याबद्दल बोलू द्या, कारण काळा दगड यांच्या आक्षेपाला खरं उत्तर तिथे आहे असं मला वाटतं.

१९५६चा जुलै. डार्लिंग्टन हॉलचा बटलर नव्या अमेरिकन मालकाची फोर्ड घेऊन सहा दिवसांच्या सहलीला निघतो आणि वाटेत जुने दिवस आठवतो. जुने मालक लॉर्ड डार्लिंग्टन सज्जन, पण तीसच्या दशकात नाझींच्या हातचं बाहुलं झालेले. एक दिवस ते फर्मावतात की घरातल्या दोन ज्यू मोलकरणींना काढून टाका. स्टीव्हन्सला ते पटत नाही, तरी तो काढतो. त्या घराची हाउसकीपर मिस केंटन म्हणते, मी राजीनामा देईन. देत नाही, कारण जायला घर नाही, आणि पुढे ती ते कबूलही करते. वर्षाहून अधिक काळाने मालकांना पश्चात्ताप होतो. तेव्हा स्टीव्हन्स तिला सांगतो की मलाही त्या वेळी फार वाईट वाटलं होतं. त्यावर ती जे विचारते त्याचा आशय एवढाच: मग तेव्हा का नाही बोललात? तेव्हा बोलला असतात तर मला केवढा आधार झाला असता!

या प्रश्नाला स्टीव्हन्सकडे उत्तर नाही. काळा दगड, इथे वाचकाला 'किती संयत' म्हणून पुस्तक मिटता येतं का? मला तरी आलं नाही. बाप वरच्या मजल्यावर मरतोय आणि हा खाली पाहुण्यांना पोर्ट वाइन ओततोय. पाहुणे विचारतात, रडतोयस की काय? तो रडतोय हे आपल्याला फक्त दुसऱ्यांच्या प्रश्नातून कळतं, कारण सांगणारा स्वतः सांगतच नाही. खडूफळा, तुम्हाला कंटाळवाणा वाटणारा तो सूर याचसाठी आहे. उमेदवारीच्या काळात इशिगुरोंना गीतकार-गायक व्हायचं होतं, ते गाणी लिहायचे. नोबेलच्या भाषणात त्यांनी सांगितलंय की कादंबरी जवळपास पूर्ण झाल्यावर गायक टॉम वेट्सचं एक गाणं ऐकलं आणि ठरवलं की स्टीव्हन्सचं चिलखत एकदा, अगदी एकदाच, तडकलं पाहिजे. सबंध पुस्तकात आवाज चढत नाही म्हणूनच शेवटी मिस केंटनच्या भेटीबद्दल सांगताना तो जेव्हा आपलं काळीज फाटत होतं असं वाचकापाशी कबूल करतो, ते एक वाक्य छातीत घुसतं.

आणि आपल्यासाठी, म्हणजे भारतीय वाचकांसाठी, एक मुद्दा. स्टीव्हन्सच्या बापाची आवडती गोष्ट हिंदुस्थानातली आहे. तिथला एक इंग्रज बटलर जेवणघरात जातो तर टेबलाखाली वाघ. तो दिवाणखान्यात येऊन मालकाच्या कानात बंदुकीची परवानगी मागतो, पाहुण्यांना चहा पिता पिता तीन बार ऐकू येतात, आणि थोड्या वेळाने तो येऊन सांगतो की जेवण नेहमीच्या वेळी तयार असेल आणि झाल्या प्रकाराची खूण तोवर राहणार नाही. बापलेकांना ही सेवाधर्माची परमावधी वाटते. साम्राज्याचं काम हेच होतं, रक्त पुसायचं आणि जेवण वेळेवर वाढायचं. कादंबरी ज्या जुलैत घडते त्याच महिन्याच्या २६ तारखेला इजिप्तच्या नासेरने सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं आणि ब्रिटिश साम्राज्याची उरलीसुरली मिजास उतरली. पुस्तकात सुएझचा उच्चारही नाही. एवढा मोठा वाघ टेबलाखाली ठेवून लेखक गप्प राहिलाय.

खडूफळा

वाघाची गोष्ट मान्य, ती अप्रतिम आहे. सुएझबद्दल मात्र सावध राहू या. लेखकाने जे लिहिलं नाही त्याचं श्रेय त्याला किती द्यायचं याला मर्यादा हवी, नाहीतर न लिहिणारा प्रत्येकजण थोर ठरेल. आणि सूर जाणीवपूर्वक राखला म्हणून तो पुस्तकभर सोसवतोच असं नाही. तडा जाण्यासाठी चिलखत लागतं हे स्टीव्हन्सला लागू. क्लाराच्या बाबतीत तडा कुठे आहे?

थेम्सकाठ

क्लाराला तडा जात नाही, म्हणूनच ते पुस्तक मला जास्त क्रूर वाटलं. ज्या मुलीच्या सोबतीसाठी तिला विकत घेतलंय त्या आजारी जोसीसाठी ती आपल्या डोक्यातलं द्रावण काढून देते, म्हणजे स्वतःची शक्ती कमी करून घेते. शेवटी भंगाराच्या आवारात एका जागी बसून आठवणी लावत राहते, आणि तक्रार नाही. जोसी वाईट मुलगी नाही. कॉलेजला जाताना मिठी मारून जाते. बस, तेवढंच.

काळा दगड

क्लारा तुम्हीच काढलीत ते बरं झालं. इशिगुरोंच्या पुस्तकांत कृती करणारी माणसं अगदीच नाहीत असं नाही. क्लारा कृती करते: धूर ओकणारं यंत्र बंद पाडायचं ठरवते आणि पाडतेही. पण कुणासाठी? मालकिणीसाठी. स्वतःसाठी बोटही उचलत नाही.

आता 'द बरीड जायंट' (२०१५) घ्या. राजा आर्थरनंतरचं ब्रिटन, ब्रिटन आणि सॅक्सन हे दोन समाज शेजारी शेजारी नांदतायत, कारण क्वेरिग नावाच्या ड्रॅगनमादीच्या श्वासाने देशभर विस्मृतीचं धुकं पसरलंय आणि पूर्वीची कत्तल कुणाला आठवत नाही. सॅक्सन योद्धा विस्टन तिला मारायला निघालाय. म्हणजे एवढ्या सगळ्या पुस्तकांत शेवटी एकजण तलवार उपसतो, अन्यायाची आठवण परत आणतो. आणि लेखक त्याच्याबद्दल काय सांगतो? की आता सूडाची लाट येणार, शेजारी शेजाऱ्याचं घर जाळणार. जो गप्प बसतो त्याच्यावर इशिगुरो माया करतात, आणि जो उठतो त्याची त्यांना भीती वाटते. हा योगायोग नाही, ही भूमिका आहे. अन्याय झालेल्यांच्या आठवणीला धोका म्हणून पाहणं हे सत्तेच्या बाजूला बसलेल्या माणसालाच परवडतं. मला ही भूमिका मान्य नाही.

जुनी वही

'सत्तेच्या बाजूला बसलेला' हे त्यांच्यावर अन्याय करणारं आहे. लेखक होण्याआधी त्यांनी लंडनमध्ये बेघरांसाठी काम केलंय, त्यांची पत्नी त्यांना तिथेच भेटली. नोबेल भाषणात त्यांनी युरोपात पुन्हा डोकं वर काढणाऱ्या वंशद्वेषाबद्दल स्पष्ट बोलून दाखवलं, तेही पुरलेला राक्षस जागा होतोय अशाच शब्दांत. त्याच भाषणात १९९९ साली आउशवित्झला गेल्याची आठवण आहे. तिथल्या गॅस चेंबरचे अवशेष ऊनपावसात झिजतायत, ते तसेच झिजू द्यायचे की पारदर्शक आवरणाखाली जपून ठेवायचे, हा प्रश्न त्यांना पडला. 'बरीड जायंट' त्या प्रश्नातून वाचा. कधी आठवायचं आणि कधी विसरायचं, हे ज्याला सोपं वाटतं त्याने हत्याकांडानंतर एकाच गावात राहणाऱ्या माणसांचा विचार करून पाहावा.

आडवाट

काळा दगड, विस्टनबद्दल तुम्ही म्हणता ते निम्मं खरं आहे. लेखकाला त्याची भीती वाटते, हो. पण ड्रॅगनमादीचं रक्षण कोण करतोय? म्हातारा सर गावेन, आर्थरचा सरदार, ज्याच्या बाजूने ती कत्तल केली तो. धुकं हे विजेत्यांचं हत्यार आहे हे पुस्तकात स्पष्ट आहे. आणि अ‍ॅक्सल आणि बिअ‍ॅट्रिस हे म्हातारं जोडपं, ज्यांच्याजवळ काठी आणि गाठोड्याशिवाय काही नाही, ते काय निवडतात? आठवणीबरोबर आपलं जुनं भांडण, मुलाचं दुःख, सगळं परत येणार हे दिसत असूनही त्यांना धुकं जायला हवं आहे. मला तरी ही शरणागती वाटत नाही.

बंड फक्त कुंपण तोडण्यात मोजलं तर इशिगुरोंच्या हाताला काहीच लागणार नाही, हे कबूल. त्यांचा प्रांत तो नाही. व्यवस्था टिकते ती पहारेकऱ्यांमुळे कमी आणि आपापलं काम चोख करणाऱ्यांमुळे जास्त, हे दाखवणं हा त्यांचा प्रांत. डग्लसची गोष्ट हवीच. पण डग्लसला पळावं लागलं त्या घरात जेवण वाढणारे, हिशेब लिहिणारे, 'मालक तसे मनाने चांगले आहेत' म्हणणारे शेकडो होते, त्यांची गोष्ट कुणी लिहायची?

खडूफळा

'नेव्हर लेट मी गो'चा २०१०चा सिनेमा कुणी पाहिलाय का? त्यात मुलांच्या मनगटावर इलेक्ट्रॉनिक पट्टा आहे, येता जाता तो यंत्रासमोर धरावा लागतो. म्हणजे 'पळत का नाहीत' हा प्रश्न दिग्दर्शकालाही छळला असावा. माझ्या मते त्या पट्ट्याने कादंबरीची हवाच काढून घेतली. पट्टा दिसला की प्रेक्षकाला उत्तर मिळतं आणि तो निर्धास्त होतो. (आवाजाबद्दलचं माझं मत कायम आहे, पण पट्टा नसणं हे लेखकाचं धाडस आहे हे नोंदवतो.) याउलट 'रिमेन्स ऑफ द डे'चा १९९३चा सिनेमा मला पुस्तकापेक्षा सुसह्य वाटला. निर्माते इस्माईल मर्चंट, मूळचे मुंबईचे. अँथनी हॉपकिन्सचा चेहरा ते सगळं सांगतो जे सांगायला स्टीव्हन्सला दीडशे पानं लागतात.

रातराणी

टॉमीचा विषय कुणीच काढला नाही. मुदतवाढीची अफवा खोटी आहे हे कळल्यावर परतताना तो गाडी थांबवायला लावतो, अंधारात चिखलाच्या शेतात जातो आणि किंचाळतो, हातपाय झाडतो. कॅथी धावत जाऊन त्याला घट्ट धरते. लहानपणी तो असाच भडकायचा आणि सगळे हसायचे. कॅथी नंतर म्हणते, कदाचित तुला आतून आधीपासूनच माहीत असेल. हेच बंड नाही का?

काळा दगड

रातराणी, टॉमीची किंकाळी मी विसरलेलो नाही. पुस्तकातलं सर्वात खरं पान तेच. पण पाहा, तो कुणावर ओरडतो? रिकाम्या शेतावर. तासाभरापूर्वी तो मिस एमिलीच्या, म्हणजे त्यांच्या जुन्या मुख्याध्यापिकेच्या, दिवाणखान्यात बसला होता. तिथे ओरडायला हवं होतं. त्या बाईने तोंडावर सांगितलं की आम्ही तुम्हाला बालपण दिलं, आणि हेही सांगितलं की तुम्हा सगळ्यांची मला रोज किळस यायची आणि मी ती गिळायचे. एवढं ऐकून दोघं सभ्यपणे निरोप घेतात.

आडवाट, चोख काम करणाऱ्यांची गोष्ट लिहायला हवी हा तुमचा मुद्दा मला स्टीव्हन्सपुरता पटतो. स्टीव्हन्स व्यवस्थेचा नोकर आहे, त्याची जबाबदारी आहे. कॅथी व्यवस्थेचा बळी आहे. दोघांना एकाच सुरात, एकाच मायेने लिहिणं यात मला गफलत दिसते. बळीचं गप्प राहणं आणि नोकराचं गप्प राहणं एका मापाने मोजता येत नाही.

आडवाट

हा या धाग्यातला सर्वात वजनदार आक्षेप आहे. कॅथी बळी आहे तशीच नोकरही आहे, अकरा वर्षं तिने इतरांना शांत ठेवलंय, हे माझं उत्तर. थेम्सकाठ यांनी ते आधीच मांडलंय.

आणि त्या दिवाणखान्याबद्दल. मिस एमिली व्हीलचेअरवर आहे. ही दोघं आयुष्य मागायला आलीत आणि तिचं अर्धं लक्ष दाराकडे आहे, कारण तिचं एक कपाट न्यायला माणसं यायची आहेत. ते विकायचंय, नेताना त्याला ओरखडा पडू नये, वर ते नीट गुंडाळलं जातंय ना, हे तिला बघायचंय. बोलता बोलता ती दोनतीनदा त्या कपाटाकडे वळते. कॅथीने आवाज चढवला असता तर आपलं लक्ष कॅथीकडे गेलं असतं. ती चढवत नाही, म्हणून ते कपाट आपल्याला दिसतं.

काळा दगड

कपाट मलाही दिसलं. पण ते कॅथीला दिसलं का, हा माझा प्रश्न आहे. ती ते बारकाईने सांगते आणि त्यावर एक शब्द बोलत नाही. तुम्ही म्हणता तो शब्द वाचकाने बोलायचा. मी म्हणतो, ३१ वर्षं वयाच्या, हजार पुस्तकं वाचलेल्या, मरायला निघालेल्या बाईला तो एक शब्द लेखकाने द्यायला हवा होता. यावर आपलं एकमत होणार नाही. 'बरीड जायंट' मात्र गावेनवर लक्ष ठेवून पुन्हा वाचतो आणि त्यावर वेगळा धागा काढतो.